पाद्रीबाबांच्या दगडावरच्या अकरा ओळी

लॅटिन वाचता येणारा माणूस पनवेलमध्ये शोधायला निघालं तर काय होतं, ते मी सांगू शकतो. काहीही होत नाही. ज्याला विचारावं तो आधी गंभीर होतो, मग दुसऱ्या कोणाकडे पाठवतो, आणि तो दुसरा पुन्हा पहिल्याकडे बोट दाखवतो. मी चार महिने हे केलं. शेवटी वैतागून जे केलं, त्याची लाज अजून जात नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

आमचं चर्च जुन्या पनवेलात, खाडीच्या अंगाला. अंगणात, दाराच्या उजव्या हाताला, एक काळा दगड जमिनीत आडवा बसवलेला आहे. त्यावर लॅटिनमध्ये अकरा ओळी. खाली एक धर्मगुरू पुरलेले आहेत, ते समुद्रापलीकडून आले आणि इथेच वारले, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचं नाव दगडावर होतं, पण कोणाच्या तोंडात नव्हतं. सगळे त्यांना पाद्रीबाबा म्हणत.

पाद्रीबाबा नवसाला पावतात अशी ख्याती होती. मूल होत नसलं, नोकरी लागत नसली, आखातात गेलेल्याची खुशाली येत नसली की बायका मेणबत्ती घेऊन दगडापाशी जात. आमच्याच बायका असं नाही. बाजारातून परतणाऱ्या कोळणी पाटी खाली ठेवून हात जोडत, कधी नारळ ठेवून जात. एखाद्या फादरना हे खटकायचं, ते रविवारी वेदीवरून बोलायचे. मग त्यांची बदली व्हायची आणि मेणबत्त्या चालू राहायच्या.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवसाआधी आमच्याकडे प्रत्येक घर आपापल्या माणसांच्या कबरी साफ करतं, चुना लावतं, नावाची अक्षरं काळ्या रंगाने उजळून काढतं. पाद्रीबाबांना इथे नातेवाईक नाही, म्हणून त्यांचा दगड पाळीने; दरवर्षी एका घराकडे. रंगवणाऱ्याला वाचता येत नसे. ज्याला खोबण जशी दिसेल तसा तो ऑइलपेंट भरायचा, पुढच्या वर्षीचा त्याच्यावर आणखी. एका वर्षी आमच्या पाळीला मी स्वतः एका अक्षराला शेपूट काढलं होतं, कारण ते मला अपुरं वाटलं. मी चेष्टा करत नाही. खरंच अपुरं वाटलं आणि मी ते पूर्ण केलं.

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. मी सेहेचाळीस वर्षांचा होतो आणि चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी होण्यासाठी लागतो तो एकच गुण माझ्यात होता. मला नाही म्हणता येत नाही. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले. अध्यक्ष बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांना पेव्हर ब्लॉक सोडून जगात काही दिसत नव्हतं. त्या बैठकीत कोणीतरी म्हणालं की पाद्रीबाबांचा दगड आहे तिथेच राहू द्या, पण त्याच्या डोक्याशी ग्रॅनाइटची एक पाटी लावू आणि तिच्यावर मराठी भाषांतर घालू, म्हणजे लोकांना कळेल तरी. सगळ्यांना पटलं. मृतांच्या दिवशी पाटीचं अनावरण. भाषांतर कोण आणणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले.

घरी येऊन आईला सांगितलं. आम्ही नवीन पनवेलला राहतो, ती आमच्याकडेच होती, ब्याऐंशी वर्षांची. गव्हाणकडच्या एका वाडीतून लग्न करून पनवेलला आलेली. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण सगळ्या प्रार्थना पाठ आणि सगळ्या गावाच्या आठवणीही पाठ. कोणाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता कोण होती, कोणत्या घरचं लग्न कोणत्या पावसाळ्याआधी झालं, असा वाद निघाला की शेवट ठरलेला: म्हातारीला विचारा. ती सांगेल ते खरं. त्यावर पुन्हा रजिस्टर कोणी उघडत नसे.

मी सहा महिन्यांचा असताना मला घटसर्प झाला होता. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा तिने मला नेऊन त्या दगडावर ठेवलं होतं. मी जगलो. तेव्हापासून पाद्रीबाबा आमच्या घरातले झाले. माझी परीक्षा, वडिलांचं दुखणं, बहिणीचं सासर, सगळं त्यांच्या कानावर जायचं.

पाटीचं ऐकल्यावर ती म्हणाली, "म्हंजे त्यावर काय लिवलंय ते आता कळंल?"

मी हो म्हणालो.

"मग मला आदी सांग. तुज्या कमिटीच्या आदी. साठ वर्सं मी त्याच्याशी बोलतंय, तो काय बोलतो ते मला कदी कळलं नाय. आनि बेगीन कर. मी काय तुज्या कमिटीसाठी बसून ऱ्हानार नाय."

मी शब्द दिला. किती कठीण असणार होतं? धर्म आमचा, चर्च आमचं, लॅटिन आमच्या धर्माची भाषा.

आधी फादरांकडे गेलो. वसईकडचे, तिशीतले, मनाने चांगले, गिटार उत्तम वाजवायचे. दगडापाशी उकिडवे बसून त्यांनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, हिक म्हणजे 'इथे'. मी वाट बघत राहिलो. पुढचं बघावं लागेल, म्हणाले. मग प्रामाणिकपणे कबूल केलं की सेमिनरीत लॅटिन एकच वर्ष होतं आणि त्या वर्षी त्यांना कावीळ झाली होती.

त्यांनी मला एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे पाठवलं. ते लहानपणी जुन्या, लॅटिनमधल्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, वेदीसेवक होते. मी कागद पुढे केला तर त्यांनी डोळे मिटले आणि संपूर्ण मिस्सा पहिल्यापासून म्हणून दाखवली. खणखणीत आवाज, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. वीस मिनिटं मी हात जोडून बसलो होतो. संपल्यावर मी दगडाचं विचारलं. ते म्हणाले, "मला सगळं येतं. अर्थ सोडून."

त्यांनी मला फादरांना भेटायला सांगितलं.

मग मी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेलो. दगडावरची अक्षरं वहीत उतरवून नेली होती, ती एकेक करून कॉम्प्युटरमध्ये घातली. त्यातून जे निघालं त्याचा मथितार्थ असा होता, की इथे एक मेंढपाळ आडवा झाला असून त्याने जहाजाला चावा घेतलेला आहे. कॅफेवाला माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्याने विचारलं, "काका, हे कुठलं, कोर्टाचं आहे का?" तेव्हा मला कळलं की मी दगड उतरवलाच नव्हता. मी गेल्या पन्नास-साठ वर्षांतला आमचा ऑइलपेंट उतरवला होता, त्यात माझी शेपटीही होती.

म्हणजे रंग काढायला हवा. अध्यक्ष म्हणाले, बैठकीत ठराव झाल्याशिवाय दगडाला हात लावायचा नाही. फुटला तर जबाबदार कोण? ठरावासाठी बैठक हवी. पहिली बैठक पावसामुळे रद्द झाली, दुसरी नारळी पौर्णिमेत गेली, तिसरीला पुरेशी माणसं आली नाहीत. चौथ्या बैठकीत दीड तास पेव्हर ब्लॉकचा रंग तांबडा की करडा यावर गेला आणि उठता उठता अध्यक्ष म्हणाले की दगडाचं काय ते सेक्रेटरींनी बघून घ्यावं. हे त्यांना दोन महिन्यांपूर्वी म्हणता आलं असतं.

दोन शनिवार मी थिनरची बाटली आणि दात घासायचे जुने ब्रश घेऊन दगडावर ओणवा बसलो. थर निघत होते, एकाखाली एक, चुन्याचेही. येणारी प्रत्येक बाई विचारायची, बाबांचं नाव का पुसतोस रे? प्रत्येकीला पहिल्यापासून समजावायचं. एका कोळणीने तर लांबूनच ओरडून सांगितलं की मला याचं फळ मिळेल. मला ते मिळालं, पण तिला वाटलं त्या कारणासाठी नाही.

खरी अक्षरं वर आली ती सुंदर होती. बारीक, सरळ, घाई न करता कोरलेली. मी त्यावर मोठा कागद अंथरून कोळशाने घासून ठसा घेतला. फादरांनी फोनाफोनी करून एक पत्ता काढला होता: मुंबईत, निवृत्त धर्मगुरूंच्या आश्रमात, एक फार म्हातारे फादर, जन्मभर लॅटिन शिकवलेले. त्यांना ठसा पोस्टाने पाठवला. तीन आठवडे उत्तर नाही. फोन केला तर तिथल्या सिस्टर म्हणाल्या, फादरांना ऐकू येत नाही, तुम्ही पत्र लिहा. मी म्हणालो, लिहिलंय. त्या म्हणाल्या, मग पुन्हा लिहा.

मी पुन्हा लिहिलं.

या सगळ्यात आई रोज विचारायची. कामावरून आलो की दारातच, चपला काढायच्या आत. आलं का? नाही. बरं. एवढंच. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिच्या पायांवर सूज आली, दम लागायला लागला, तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथेही खाटेवरून तोच प्रश्न. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन हृदय थकलं आहे असं सांगितलं. आता जपायचं, म्हणाले. किती दिवस ते सांगता येत नाही.

तिला घरी आणलं त्या दुपारी अध्यक्षांचा फोन आला. पळस्प्याच्या नाक्याजवळ ग्रॅनाइटवर अक्षरं कोरणारा होता, त्याला आठ दिवसांत मजकूर हवा होता, नाहीतर मृतांच्या दिवसापर्यंत पाटी होणार नव्हती. मी म्हणालो, उत्तराची वाट बघतोय. ते म्हणाले, "सेक्रेटरी, पाद्रीबाबांनी मरायला एवढा वेळ घेतला नसेल, जेवढा तुम्ही भाषांतराला घेताय."

मी फोन ठेवला. आई पलंगाच्या कडेला बसली होती, हाताला सलाईनची पट्टी तशीच. तिने विचारलं, आलं का?

मी म्हणालो, "आलं."

मी काही ठरवून बोललो नाही. पण पुढचं सगळं माझ्याच तोंडून बाहेर आलं आणि ते थांबवणं माझ्याच हातात होतं. मी म्हणालो, त्यावर असं लिहिलंय: इथे या गावचे धर्मगुरू विसावले आहेत. त्यांनी या गावावर आपल्या लेकरांसारखी माया केली. जो कोणी इथे गुडघे टेकून मागेल, त्याचं गाऱ्हाणं ते देवापर्यंत नेतील.

तिने ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. चौथ्यांदा तिने मला म्हणून दाखवलं. न वाचणाऱ्या माणसांची पाठ करण्याची ताकद मला ठाऊक होती, तरी मी त्याचा विचार केला नव्हता. मग ती म्हणाली, "मला म्हाईतच व्हतं," आणि पाय वर घेऊन झोपली. तशी शांत झोप तिला दवाखान्यात लागली नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. बायकोने विचारलं, पत्र कुठाय बघू. मी म्हणालो, ऑफिसात राहिलं.

मला वाटलं होतं, हे घरातच राहील. म्हातारं माणूस, तिला बरं वाटावं म्हणून बोललेला एक शब्द. खरं उत्तर आलं की पाटीवर खरं लागेल. ती काही पाटी वाचणार नाही. हा हिशेब मी खरोखर केला होता. माझी आई वाचू शकत नाही यावर मी विसंबलो होतो. हे वाक्य लिहायला मला आत्ता दोन दिवस लागले.

रविवारी शेजारणी तिला भेटायला आल्या. मंगळवारी अध्यक्षांचा फोन. भाषांतर आलं आणि अध्यक्षाला पत्ता नाही, भाजी घेताना कळतं? मी काही बोलायच्या आत त्यांनी सांगितलं की मजकूर त्यांनी पळस्प्याला फोनवरून उतरवून दिलासुद्धा. मी विचारलं, तुम्ही कागद न बघता कसा दिलात? ते म्हणाले, तुमच्या मातोश्रींनी सांगितलं म्हणजे कागद कशाला हवा?

बुधवारी रजा टाकून मी पळस्प्याला गेलो. त्या माणसाने दगड कापून घासून ठेवला होता आणि त्यावर खडूने माझं खोटं आखलेलं होतं, ओळी मध्यभागी घेऊन, दोन्ही बाजूंना क्रूस. मी म्हणालो, थांबवा. तो म्हणाला, अध्यक्षांचा फोन येऊ द्या. मी म्हणालो, मी सेक्रेटरी आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाला, अध्यक्षांचा फोन येऊ द्या. शेवटी मी त्याला सांगितलं की फादर आणखी एक ओळ घालणार आहेत, रविवारपर्यंत थांबा. तेही खोटंच होतं. ते त्याला लगेच पटलं.

त्याच संध्याकाळी आमच्या बिल्डिंगच्या पत्रपेटीत पाकीट होतं. म्हाताऱ्या फादरांचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे उशीर झाला, क्षमा करावी, असं सुरुवातीला, थरथरत्या अक्षरात, पण चांगल्या मराठीत. खाली भाषांतर. मी ते तिथेच, पेट्यांपाशी उभ्याने वाचलं.

इथे या धर्मग्रामाचा पाळक विसावला आहे. तो समुद्रापलीकडून आला. अठरा वर्षे त्याने इतरांची पापे ऐकली. त्याची पापे ऐकायला या किनाऱ्यावर दुसरा पुरोहित नव्हता. वाचणाऱ्या, तू कोणीही अस, थांब आणि त्याच्यासाठी प्रार्थना कर. तो तुझ्याकडे एवढेच मागतो.

नाव आणि रोमन आकड्यातलं साल मी इथे गाळलं आहे. भाषांतराखाली फादरांनी लिहिलं होतं की त्या काळी आमच्या भागात एकटा असलेला धर्मगुरू पापनिवेदनासाठी, म्हणजे स्वतःची पापे दुसऱ्या पुरोहितापुढे कबूल करायला, होडीने मुंबईकडे जाई, आणि पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की महिनोन् महिने तसाच राही. मजकूर बहुधा त्याने स्वतःच लिहून ठेवला असावा. आपल्यातर्फेही त्याच्यासाठी एक मिस्सा अर्पण करावी, अशी विनंती होती.

मला आधी राग आला. कोणाचा, ते सांगता येत नाही. एका माणसाने मरताना एक गोष्ट मागितली, ती दगडावर कोरून चर्चच्या दाराशीच ठेवली, आणि आम्ही पिढ्यान् पिढ्या त्या अक्षरांत रंग भरत त्याच्याकडेच मागत राहिलो. मूल दे, नोकरी दे, सुनेला बुद्धी दे. आणि त्याच्यावर कळस म्हणून मी त्याच्या तोंडी घातलं, की मागा, मी नेतो.

पत्र तीन दिवस शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. शनिवारी सकाळी आई सुकट निवडत बसली होती. मी समोर बसून सांगितलं की फादरांचं पत्र आलंय आणि त्यात वेगळं आहे. वाच, म्हणाली. मी वाचलं. तिचे हात चालूच होते.

"मग ते पयलं कोनाचं?"

"माझं."

"तुजं म्हंजे?"

"मी बनवलं, आई."

ती सुकटीतला कचरा बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, पुन्हा वाच. दुसरा पुरोहित नव्हता, इथे आल्यावर तिने हात वर करून मला थांबवलं.

"पावसात होडी बी नाय येत," ती म्हणाली. नंतर, माझ्याकडे न बघता: "साठ वर्सं. एकदा बी इचारलं नाय रे त्याला, तुला काय होवं."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिने ताट उचललं. "आनि तू माज्या तोंडानं आख्ख्या गावाला खोटं सांगितलंस."

त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. चहा झाला हेही बायकोमार्फत कळलं. संध्याकाळी मी आमच्या चर्चच्या फादरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. पापनिवेदन म्हणून नव्हे, त्यांच्या ऑफिसात, टेबलासमोर बसून. त्यांनी एवढंच विचारलं, उद्या तुम्ही सांगता की मी सांगू? मी म्हणालो, मी सांगतो. घरी येऊन कागदावर लिहून काढलं. पहिलं वाक्य होतं: भाषांतर आलं नव्हतं, मी खोटं बोललो. त्याखाली खरं भाषांतर.

रविवारी मिस्सानंतर सगळे अंगणात थांबले. आईला मी रिक्षाने आणलं होतं. ती दाराजवळ खुर्चीवर बसली होती, भोवती नेहमीच्या बायका. मी दगडापाशी उभा राहिलो आणि म्हणालो की पाटीच्या मजकुरात एक चूक झाली आहे.

अध्यक्ष लगेच म्हणाले, चूक कोणाची ते सांगा आधी. आपण मजकूर देऊन बसलोय. लोकांसमोर ठरावात काय लिहू?

मी कागद उघडला. पहिल्या वाक्यावर माझी नजर होती. कमिटीचे लोक, फादर, माझे मेहुणे, सगळे बघत होते. मी किती वेळ गप्प राहिलो ते मला ठाऊक नाही. फार नसेल. पण आईला तेवढा पुरला.

"चूक माजी," ती खुर्चीवरून म्हणाली. "पोरानं मला सांगितलं ते येगळंच व्हतं. मी आपल्या मनचं लावलं. म्हातारपन हाय, मला तसं बरं वाटलं."

 मग बायका हसायला लागल्या. वाईट हसणं नव्हतं ते. एक म्हणाली, म्हातारे, तू तर बाबांनाच बोलायला शिकवलंस. अध्यक्षही हसले आणि म्हणाले, चला, मातोश्रींची चूक म्हणजे ठरावात घालायला नको. फादर माझ्याकडे बघत होते. ते थांबले होते, मी बोलेन म्हणून.

मी पहिलं वाक्य सोडून त्याच्या खालचं वाचायला सुरुवात केली.

परत येताना रिक्षात मी तिला विचारलं, असं का केलंस. ती बाहेर बघत होती. म्हणाली, "तुला कमिटीत ऱ्हायचंय. मला कुटं ऱ्हायचंय."

पाटी खऱ्या मजकुराची लागली. मृतांच्या दिवशी पाद्रीबाबांसाठी मिस्सा झाली, बहुधा पहिलीच. बायकांनी आपली तोड काढली: आता आधी एक प्रार्थना बाबांसाठी म्हणतात आणि मग आपलं मागणं मागतात. फादरांनी कपाळाला हात लावला. मला त्यात हसू यायला हवं होतं.

डॉक्टरांचा अंदाज चुकला. आई त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं होती. फक्त तिला विचारायला येणं कमी झालं. ती काही सांगायला लागली की कोणीतरी म्हणायचं, मावशी, हे खरं की दगडावरचं? मग सगळ्या हसायच्या, तीही हसायची. एका लग्नाच्या वेळी नवरीची धर्ममाता कोण यावर वाद झाला. तिने ठामपणे एक नाव सांगितलं. नवरीची आत्या म्हणाली, "थांबा हां, हे दगडावरचं नसंल कशावरून?" आणि वाद घालणाऱ्या दोघी उठून चर्चमध्ये रजिस्टर बघायला गेल्या. आईसमोर. रजिस्टरात तिने सांगितलं तेच नाव निघालं. हे तिला सांगायला मात्र कोणी आलं नाही. दोन दिवसांनी मला बाजारात कळलं आणि मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मला म्हाईत हाय की, मीच सांगितलं नाय का?

त्या लग्नात मी तिच्या शेजारीच बसलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं. त्याआधी आणि त्यानंतरही कितीदा बोलता आलं असतं. दर वेळी वाटायचं, आता इतकी जुनी गोष्ट, आता उकरून काढली तर तिचंच बोलणं पुन्हा खोटं ठरेल. मी शोधलेल्या सबबींत ही सगळ्यांत सोयीची होती.

ती गेली तेव्हा तिला मूठमाती देऊन आम्ही चर्चच्या अंगणात चहाला थांबलो. फादरांची तोवर बदली झाली होती. तिच्या जुन्या मैत्रिणी दगडाभोवती खुर्च्या टाकून बसल्या होत्या, आणि त्यांतल्या सगळ्यांत म्हातारीने, डोळे पुसत, नवीन फादरांना ती गोष्ट सांगितली: आमच्या या बाईने पाद्रीबाबांच्या दगडावर नसलेलं कसं वाचलं, आणि अध्यक्षांनी ते ग्रॅनाइटवर कसं आखायला घेतलं. तिने आईच्या आवाजाची नक्कल केली, आणि ती अगदी हुबेहूब होती. सगळे मायेने हसले. नवीन फादर माझ्याकडे वळून म्हणाले, तुमच्या आई मोठ्या गमतीच्या होत्या.

हो, मी म्हणालो, आणि त्यांच्याबरोबर हसलो.